फ्रीजच्या पाठीवरची चिकटपट्टी

रविवार, ३

घडलं ते असं.

१. काल सकाळी सहा चाळीसला बाबा स्वयंपाकघरात पाण्यावरून घसरले.
२. पाणी फ्रीजखालून आलं होतं.
३. कोपर खरचटलं. हातातली बशी फुटली. बाकी काही नाही.
४. हे बाबांनी मला सांगितलं नाही, दादालाही नाही. दादाचा फोन आला तेव्हा ते "थांब जरा, फरशी पुसतोय" म्हणाले. पुढचं दादाने खोदून काढलं.
५. दादाचं म्हणणं: बाबांना एकट्याने घर झेपत नाही. त्यांनी त्याच्याकडे कायमचं जायचं, हे घर विकायचं.
६. मी महिनाअखेरीपर्यंत मुदत मागितली. मिळाली.

मुदत देताना दादा म्हणाला, "कर तुझी तपासणी. पण एकतीसला मला उत्तर पाहिजे. 'माहिती अपुरी आहे' हे उत्तर चालणार नाही."

मी फ्रीजच्या कारखान्यात चाचणी विभागात काम करते. घरातला फ्रीज गळतो आणि त्यावरून घर विकायला निघतं, हे मला कमीपणाचं वाटलं. म्हणून सकाळची पहिली बस धरली. दोन तास लागतात.

बाबांनी दार उघडलं. "या, इन्स्पेक्टरसाहेब. गुन्हेगार आत आहे."

"कोपर दाखवा."

"फ्रीजला कुठे कोपर असतं?"

कोपर ठीक आहे. गुन्हेगार एका दाराचा, बारा वर्षांचा. याची आतली मागची भिंत गार होते, तिच्यावर दव धरतं, ते ओघळून भाजीच्या खणामागच्या पन्हळीत येतं. पन्हळीला बोटाएवढं भोक असतं. तिथून नळीने पाणी बाहेर, मागे कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या ट्रेमध्ये पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने वाळून जातं. भोक बुजलं की पाणी उलटं आत साचतं आणि मग फरशीवर येतं. भोक बुजलं होतं. एका बारीक काडीने मोकळं केलं. पांढरा, ओला, लोकरीसारखा गोळा निघाला. भाजीचा कचरा नव्हता तो.

निघताना विचारलं, "तुम्हाला दादाकडे जायचंय का?"

"मी कुठे काय म्हणतोय."

हे उत्तर नाही. तशी नोंद केली आहे.

शनिवार, ९

बाबांचा फोन. पुन्हा पाणी. सहा दिवसांत भोक बुजलं. हे शक्य नाही, आणि झालं आहे.

"पडलात का?"

"नाही गं. आता मी बदकासारखा चालतो. पाय वर उचलून."

"बदक पाय वर उचलून चालत नाही."

"बरं, बगळ्यासारखा."

रविवार, १०

आज सगळंच काढलं. प्लग आधी. बाबांना तीनदा सांगितलं, वायर काढल्याशिवाय मागे हात घालायचा नाही. चौथ्यांदा त्यांनीच मला सांगितलं.

फ्रीज भिंतीपासून ओढायला दोघं लागलो. मागची काळी जाळी धुळीने राखाडी झाली होती, हाताला गादीसारखी लागत होती. फ्रीजने आतली ऊब या जाळीतून बाहेर टाकायची असते. तिच्यावर गोधडी घातली तर बिचाऱ्याने करायचं काय? मऊ ब्रशने वरून खाली झाडली, मग व्हॅक्यूम. धुळीचा ढीग वर्तमानपत्रावर जमला तेव्हा बाबा म्हणाले, "यातून एक मांजर होईल."

ट्रे निघाला. आत तपकिरी चिखल, एक शर्टाचं बटण, आणि शिंप्यांकडे असतो तसा निळ्या खडूचा तुकडा. बाबांनी शिवणकाम सुरू केलेलं दिसतं. विचारलं नाही. माणसाने निवृत्तीनंतर छंद लावून घ्यावा.

ट्रे परत बसवताना ती दिसली. फ्रीजच्या पाठीवर, डाव्या कोपऱ्यात, कागदी चिकटपट्टी, वीतभर लांब. आईचं अक्षर.

दर सहा महिन्यांनी एक ओळ. तारीख आणि काय केलं ते.

"जाळी झाडली. ट्रे धुतला."

"ट्रे धुतला. झुरळ एक. दोघंही घाबरलो."

"जाळी झाडली. ह्यांनी मदत केली, म्हणजे उभं राहून सूचना दिल्या."

"जाळी, ट्रे, दाराचं रबर. रबर साबणाने पुसावं, चाकूने खरवडू नये (ह्यांना सांगणे)."

अशा अकरा ओळी. शेवटची साडेसहा वर्षांपूर्वीची: "जाळी झाडली." पुढे पट्टी कोरी. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

चार वर्षं मी फ्रीजच तपासते आहे. आई हे करायची, हे मला माहीत नव्हतं. पट्टीचं बाबांनाही नसावं, असं मला वाटलं. ते बराच वेळ पट्टीसमोर उकिडवे बसले, मग म्हणाले, "सूचना चांगल्याच दिल्या होत्या मी."

मी खाली बाराव्या ओळीत आजची तारीख घातली. पेन नीट चालत नव्हतं.

भोकातून या वेळी पुन्हा पांढरा गोळा, आणि त्यात गर्द जांभळे धागे. पाकिटात भरून घेतले. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून नळीतून दोनदा ओतला. पाणी ट्रेमध्ये खळखळून पडलं तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. मीही बहुधा हसले.

बाबांना एक काम दिलं. रोज सकाळी आठला ट्रेमधलं पाणी मापाच्या भांड्यात ओतून मोजायचं आणि मला कळवायचं. आतल्या कप्प्यात नोंदयंत्र ठेवलं आहे, ते दर मिनिटाला तापमान टिपतं.

"रोज?"

"रोज."

"खोटं लिहिलं तर?"

"का लिहाल?"

"नाही, आपलं विचारलं."

शुक्रवार, १५

बाबांचे आकडे, मिलिलिटरमध्ये: सोमवार ८०, मंगळवार ८५, बुधवार २१०, गुरुवार ९०, शुक्रवार ८०.

बुधवारी सकाळचं पाणी म्हणजे मंगळवारचं. मंगळवारी फ्रीजमध्ये सव्वाशे मिलिलिटर जास्तीचं पाणी कुठून आलं? हवेतून इतकं येत नाही. तपेलं उघडं ठेवलं होतं का, असं फोनवर विचारलं.

"तपेलं? नाही बुवा."

"मग काय होतं मंगळवारी?"

"मंगळवारी..." बाबा थांबले. "मंगळवारी मंगळवारच होता."

त्यांचा आवाज बसला होता. सर्दी असणार. आल्याचा काढा घ्या म्हटलं.

रविवार, १७

कालचा आकडा २०५. म्हणजे शुक्रवारचाही वाढीव. मंगळवार आणि शुक्रवार.

दाराच्या रबराची कागदी चाचणी केली: कागद दारात धरून दार लावायचं, कागद ओढून बघायचा. सहज निघाला तर तिथून गार हवा गळते. खालच्या बिजागरीजवळ सहज निघाला. रबर मऊ ब्रश आणि साबणाने पुसलं, घड्यांतलं काळं काढलं, वळलेला भाग गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ केला. आता कागद घट्ट बसतो. सापडला गुन्हेगार, असं मला वाटलं. पण रबर मंगळवारी आणि शुक्रवारीच कसं गळेल?

इतर निरीक्षणं. स्वयंपाकघराच्या पडद्याला नवी, सुबक दुमड. बाबांच्या निळ्या शर्टाची कॉलर उलटून लावलेली, सफाईने. बाबांना शिवण चांगली जमू लागली आहे. ते चाळीस वर्षं ग्रंथपाल होते, शिस्तीचे आहेत, नवल नाही. टेबलावर एक जाड जुनी रहस्यकथा, खुणेसाठी जांभळ्या सॅटिनची फीत. शेजारी घशाच्या गोळ्यांची डबी, अर्धी रिकामी.

जिन्यात तळमजल्यावरच्या शिवणकाकू भेटल्या. त्यांचं दुकान आमच्या इमारतीतच आहे, एक खोली, दोन मशिनी. लहानपणी माझे शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले.

"आलीस? फ्रीजला आजार काय गं?"

"निचरा बुजतोय. कारण शोधतेय."

"सापडलं?"

"अजून नाही."

"सापडेल हं," काकू म्हणाल्या, आणि उगाचच हसल्या. "तू काही सोडणाऱ्यातली नाहीस. तुझ्या फ्रॉकची शिवण दीड सूत वाकडी होती म्हणून तू आठ वर्षांची असताना परत घेऊन आली होतीस."

आले होते. होतीच वाकडी.

बुधवार, २०

रविवारी सोबत आणलेल्या नोंदयंत्राचा आलेख विभागात मोठ्या पडद्यावर उघडला. जाळी स्वच्छ झाल्यापासून कॉम्प्रेसर तासाला, मी तीन तारखेला घड्याळ लावून मोजलेल्या बेचाळीस मिनिटांऐवजी, सत्तावीस मिनिटं चालतो. उत्तम.

पण मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन चाळीसला, तापमान एकदम चढतं. दार चार ते पाच मिनिटं उघडं राहतं. इतका वेळ माणूस फ्रीजमध्ये काय शोधतो?

आमच्या विभागाच्या बाई मागून बघत होत्या. त्यांनी तीस वर्षं असे आलेख वाचले आहेत.

"कुणाचं घर?"

"वडिलांचं. एकटेच असतात."

बाईंनी आलेखावर बोट फिरवलं. "दार उघडून माणूस बोलत उभा राहिला की असा डोंगर येतो. माझ्या नवऱ्याचा पण असाच यायचा, लग्न ठरलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, बाबा फोनवर बोलत असतील.

बाई म्हणाल्या, "असतील." आणि चहा प्यायला गेल्या.

रविवार, २४

दादाचा फोन. घराला गिऱ्हाईक आलं आहे, त्याच्या मित्राच्या ओळखीचं; पुढच्या आठवड्यात व्यवहार करू म्हणतंय. "तुझा अहवाल काय म्हणतो?"

"फ्रीज दुरुस्त होण्यासारखा आहे."

"मी फ्रीजचं विचारत नाही गं. बाबांचं विचारतोय. उद्या पुन्हा पडले, दिवसभर कुणाला कळलंच नाही, तर?"

दादा चुकीचं बोलत नाही, हेच अवघड आहे. तो घाबरला आहे आणि घाबरला की तो निर्णय घेतो. मी घाबरले की मोजमाप घेते.

गिऱ्हाइकाचं बाबांना सांगितलं. ते फ्रीजचं दार उघडून उभे राहिले, काही न घेता बंद केलं. "पुढच्या आठवड्यात?" म्हणाले. "एवढ्यात? अजून दोन प्रकरणं राहिलीत."

पुस्तकाबद्दल बोलत असावेत. ते दादाकडेही वाचता येईल, असं मी म्हटलं.

"तिथे नाही वाचता येणार," बाबा म्हणाले.

मंगळवार, २६

अर्धी रजा टाकली. कारण लिहिलं: घरगुती चाचणी. तीन पस्तीसला जिना चढले. न सांगता गेले, कारण सांगितलं की निरीक्षण बिघडतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाबांचा आवाज. आधी एक जाडा आवाज, मग एक चिरका, मग एक बाईचा, घाबरलेला. तिन्ही बाबाच होते. मधूनच इस्त्रीचा फुस्स आवाज.

"'...आणि त्या क्षणी, मंडळी, दिवाणखान्याचं दार करकरलं—'"

दार करकरलं. ते मी लोटलं होतं.

शिवणकाकूंनी मान वर केली. हातात इस्त्री, समोर टेबलावर जांभळं रेशमी कापड. "पुस्तकातला इन्स्पेक्टर राहू द्या," त्या बाबांना म्हणाल्या, "हा खराच आला."

बाबा फ्रीजसमोर उभे होते. एका हातात उघडं पुस्तक, दुसऱ्या हातात पांढऱ्या टॉवेलची गुंडाळी. फ्रीजचं दार सताड उघडं.

"बाबा, दार," मी म्हटलं.

त्यांनी दार लावलं. मग काकूंना हसू फुटलं, मग बाबांना. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत, भिंतीला हात टेकून हसत होते. हा आवाज ओळखायला मला थोडा वेळ लागला. सहा वर्षांत ऐकला नव्हता.

स्पष्टीकरण काकूंनी दिलं. रेशमावर नीट इस्त्री हवी तर ते सगळीकडे सारखं दमट पाहिजे. पाणी शिंपडलं तर डाग पडतात. म्हणून कापड ओलं करायचं, पिळून गुंडाळायचं आणि काही तास फ्रीजमध्ये ठेवायचं. ओल सगळीकडे सारखी पसरते, कापड वाळत नाही. त्यांच्या दुकानात फ्रीज नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, ठेवा की. मंगळवार आणि शुक्रवार हे रेशमाचे दिवस. खाली कापायच्या टेबलावर इस्त्रीला जागा पुरत नाही, म्हणून इस्त्री वर. इस्त्री करताना तोंड मोकळं असतं आणि कान रिकामे, म्हणून वाचन.

"पण गुंडाळी पिशवीत ठेवायची असते ना?" मी विचारलं. "प्लास्टिकच्या?"

काकू बाबांकडे वळल्या. "मी काय म्हणाले होते पहिल्या दिवशी?"

"पिशवीत."

"मग?"

"रेशीम आहे," बाबा म्हणाले. "पिशवीत गुदमरेल असं वाटलं. म्हणून मी पिशवी काढून आपल्या जुन्या टॉवेलात ठेवत होतो. मागच्या भिंतीला टेकवून. तिथे जास्त गार असतं."

म्हणजे टॉवेलाचे तंतू पन्हळीत. टॉवेलाचं पाणी ट्रेमध्ये. सव्वाशे मिलिलिटरचा हिशोब लागला. खडू आणि बटण काकूंच्या ॲप्रनच्या खिशातून, मागे पडलेली कात्री काढायला त्या वाकल्या तेव्हा.

"अहो, आणि हे मला आज सांगताय?" काकू म्हणाल्या. "पोरगी महिनाभर नळीत काड्या घालतेय! पडलात ते माझ्या रेशमापायी?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कापड आणणं बंद केलं असतं."

काकूंनी इस्त्री उभी ठेवली. तोपर्यंत मलाही समजलं होतं.

आता एक गोष्ट लिहून ठेवते. बाबांना रोजचे आकडे बदलता आले असते. दोनशे दहाच्या जागी नव्वद लिहिलं असतं तर मला हे कधीच सापडलं नसतं. त्यांनी एकही आकडा बदलला नाही. "खोटं लिहिलं तर?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी ते नुसतं ऐकलं होतं.

बुधवार, २७

बसमध्ये लिहिते आहे. रात्री तिथेच राहिले. काकू खाली गेल्यावर बाबांनी विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

मी म्हटलं, रबर चांगलं बसलंय.

"ते नाही विचारलं."

"माहीत आहे." मग म्हटलं, "आई आठवली. पण वाईट वाटलं नाही. हे बरोबर आहे की नाही ते मला मोजता येत नाही."

"मलाही," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "त्यांना मी अजून विचारलेलं नाही."

"काय?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चाळीस वर्षांच्या नोकरीत याहून मठ्ठ वाचक त्यांनी पाहिला नसावा.

शनिवार, ३०

विचारलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, खुनी सापडल्यानंतर लगेच. काकू म्हणाल्या, "एवढं थांबलात होय? मला वाटलं, दुसऱ्या खुनानंतर विचाराल."

आज मी आणि काकूंनी फ्रीज पुन्हा ओढला. बाबांनी उभं राहून सूचना दिल्या. काकूंनी आईची पट्टी वाचली, सगळी, हळूहळू. झुरळाच्या ओळीपाशी हसल्या. मी पेन पुढे केलं.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांच्या ओळीत मी कशाला घुसू? माझी वेगळी लावते." खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, हाताच्या अंतरावर उजव्या कोपऱ्यात चिकटवली आणि खडूने नव्हे, नीट पेनाने लिहिलं: "ट्रे धुतला. रेशीम यापुढे पिशवीत."

भोक स्वच्छ होतं. काडी कोरडी निघाली.

रविवार, ३१

दादाला पाठवलेलं पत्र इथे उतरवून ठेवते.

दादा,

फ्रीजची गळती थांबली. कारण: ओलं कापड उघडं ठेवलं जात होतं. आता ठेवलं जात नाही. जाळी, ट्रे, नळी आणि रबर स्वच्छ आहेत. हा फ्रीज आणखी पाच-सहा वर्षं चालेल.

तू विचारलं होतंस, बाबा पडले आणि दिवसभर कुणाला कळलंच नाही तर काय? तुझी भीती खरी होती. आता एका तासात कळेल. बाबा आणि तळमजल्यावरच्या शिवणकाकू लग्न करत आहेत. नोंदणी सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळी अकराला. काकूंची एक मशीन पुढच्या खोलीत येईल, खिडकीजवळ. मी जागा मोजून बघितली, बसते.

तुला हे एकदम वाटेल. मलाही आकड्यांतून कळायला महिना लागला, आणि माझ्या बाईंना एका आलेखावरून कळलं. बाबा मोठ्याने हसतात. हे मी स्वतः ऐकलं आहे, म्हणून लिहिते आहे. यावर तुझा विश्वास बसत नसेल तर ये आणि तपास.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. साक्षीदार म्हणून तीन सह्या लागतात. एक माझी आहे, एक माझ्या बाईंची. तिसऱ्या जागी बाबांनी तुझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

तू सही करायला येणार आहेस की नाही, ते शुक्रवार, पाच तारखेपर्यंत कळव.